कोपऱ्यातला लाल ठिपका

हे मी लिहिणार नव्हतो, खरं सांगतो. तीन वेळा फोनवर टाईप केलं आणि तीन वेळा उडवलं. एकदा तर बऱ्यापैकी लांब गेलो होतो, तेवढ्यात एक बाई फुटलेली स्क्रीन घेऊन काऊंटरवर आली. तिचं काम होईपर्यंत माझी हिंमत संपली. लिहिलं की नाव येणार. नाव आलं की पाचूबंदरात, आमच्या कोळीवाड्यात, कळणार. पाचूबंदरात कळलं की प्लासिड काकाच्या होडीवर जाणारे चार जण हळूच दुसरी होडी शोधणार.

आता चौथ्यांदा बसलोय. या वेळी उडवणार नाही. का ते शेवटी सांगतो.

माझं नाव नेल्सन. वय पंचवीस. वसईत माझा मोबाईल रिपेअरिंगचा छोटा काऊंटर आहे. बारावी नापास. जे काय येतं ते व्हिडिओ बघून आणि बिघडलेले फोन उघडून शिकलो. लिहिणं पण तसंच शिकतोय, त्यामुळे शुद्धलेखन बघू नका.

मी जन्मापासून एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. आईकडून आलं. आई मला आठवत नाही, पपा थोडे आठवतात. मला वाढवलं प्लासिड काका आणि काकीने.

सातव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या. त्या वेळी आमच्या इथून औषधाला मुंबईला जावं लागायचं. तिथल्या रांगेत मला उन्नती भेटली. ती पण सात वर्षांची, तिच्या आईचा, म्हणजे यमुनाकाकीचा, पदर धरून उभी. आम्हाला एक सिरप मिळायचं, इतकं कडू की कान गरम व्हायचे. आमची पैज असायची. तोंड वाकडं न करता जो गिळेल त्याला दुसऱ्याची बिस्किटं. अख्खं वर्ष माझी बिस्किटं तिने खाल्ली.

पुढे दोघांना फोन मिळाले तेव्हा आम्ही एक पद्धत पाडली. सकाळी नऊ वाजता गोळी घ्यायची आणि दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग. उचलायचं नाही. दोन रिंग म्हणजे घेतली. दहा वर्षं झाली याला. एकदा मी सलग चार दिवस रिंग दिली नाही, मला सगळ्याचा कंटाळा आला होता. पाचव्या दिवशी उन्नती काऊंटरवर आली, गिऱ्हाईकासमोर माझ्या कानाखाली वाजवली आणि निघून गेली. गिऱ्हाईकाला वाटलं प्रेमप्रकरण आहे.

प्रेमप्रकरण तिचं सुमेधशी झालं. तो वसई पूर्वेला एका कंपनीत मशीनवर आहे. दुसऱ्याच भेटीत ती त्याला म्हणाली, "आधी हे ऐक, मग चहा मागव." त्याने ऐकलं आणि दोन चहा मागवले. तो निगेटिव्ह आहे, आजही आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. मूल पाहिजे म्हणून दोघं आधी गोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, व्हायरस इतका कमी आहे की मशीनला दिसत पण नाही, गोळ्या चुकवू नको, बाळाला होण्याची शक्यता नसल्यात जमा, खुशाल घे. मग त्यांनी घेतलं.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

*

डिसेंबरात तिला पाचवा लागला तेव्हा ती घराजवळच्या प्रसूतिगृहात नाव घालायला गेली. प्रसूतिगृहाचं नाव लिहीत नाही. रिक्षाने दहा मिनिटं. तपासणीचा वार मंगळवार, सुमेधला मंगळवारी सुट्टी मिळत नाही, यमुनाकाकी डब्यांच्या कामात. माझं दुकान माझं, म्हणून मी गेलो.

टेबलामागे दोन सिस्टर होत्या. एक अमिषा सिस्टर, माझ्याच वयाची. दुसरी एलिसा सिस्टर, गिरीज गावची, बावीस वर्षं लेबर रूममध्ये. वसईतली अर्धी पोरं तिच्या हातातून आलीत असं म्हणतात. तिच्या वाडीत राजेळी केळी आहेत. ती सोलून उन्हात सुकवतात, त्याची सुकेळी होतात, गुळासारखी गोड. सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये त्याचा डबा. तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर एक ठेवायची. "खा बाय, ताकद येते."

अमिषा सिस्टरने मला वरून खालपर्यंत बघितलं. "हा कोण, नवरा?"

"मित्र," उन्नती म्हणाली.

"अच्छा. मित्र."

उन्नतीने पर्समधून गोळ्यांचं हिरवं पुस्तक काढून स्वतःच टेबलावर ठेवलं. "सिस्टर, मी पॉझिटिव्ह आहे. लहानपणापासून. औषध चालू आहे. हा ताजा रिपोर्ट."

एलिसा सिस्टरने चष्मा काढला. "आणि तरी राहिलीस?"

"राहिले नाही सिस्टर. ठरवून घेतलं."

"ठरवून," अमिषा सिस्टर म्हणाली. "नवऱ्याला माहितीये तरी का?"

"त्यालाच जास्त घाई होती."

मला हसू आलं, पण दुसरं कोणी हसलं नाही. एलिसा सिस्टर पुढे वाकली. आवाज चढवला नाही तिने. आमची काकी जशी समजावते तसंच बोलत होती, म्हणून ते जास्त लागलं.

"मी तुला वाईट बोलत नाही, बाय. पण मुलाचा काय दोष? तू तुझं भोगलंस. आणखी एक जीव कशाला त्यात ओढायचा? जन्मभर गोळ्या गिळणारं पोर. त्याला कोण नोकरी देणार, कोण मुलगी देणार? आई म्हणून विचार करायला नको?"

मी दीड हातावर उभा होतो. ज्या पोराबद्दल ती बोलत होती ते पोर मी होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी भिंतीवरचा बाळाच्या वजनाचा तक्ता वाचत राहिलो. सहा महिन्यांच्या बाळाचं वजन किती असावं ते मला अजून पाठ आहे.

उन्नती म्हणाली, "विचार केला सिस्टर. म्हणून तर रिपोर्ट घेऊन आले."

सिस्टरने रिपोर्ट नीट बघितला नाही. उन्नतीचा केस पेपर इतर पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवला होता, नुकताच भरलेला. सिस्टरने ड्रॉवरमधून लाल मार्कर काढला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात दाबून, गोल फिरवून एक ठिपका दिला. टिकलीएवढा.

"हे कशाला?" उन्नतीने विचारलं.

"ते आमच्यासाठी आहे."

मग बीपीचा पट्टा ओढणीवरून बांधला. सुकेळं दिलं, पण हातावर नाही. कागदाच्या तुकड्यावर, टेबलाच्या कडेला. उन्नतीने ते उचललं आणि तिथेच उभं राहून, सिस्टरकडे बघत, पूर्ण खाल्लं.

"तपासणी इथे कर," सिस्टर म्हणाली. "दिवस भरले की मुंबईला चिठ्ठी देईन. डिलिव्हरी इथे नाही जमणार."

"का नाही जमणार?"

"नाही जमणार म्हणजे नाही."

बाहेर आल्यावर मी स्कूटर काढली. ती बसली नाही. "नेल्या, माझा जन्म कुठे झाला माहितीये तुला?"

माहीत होतं. त्या वेळी यमुनाकाकी कामणला राहायची. रिपोर्ट बघून तिला एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात पाठवलं. उन्नती हायवेवरच्या चिंचोटी नाक्यावर टेम्पोत झाली, भाजीच्या रिकाम्या गोणींवर.

"माझं पोर हायवेवर होणार नाही," ती म्हणाली. "इथेच होणार. याच बाईच्या हाताखाली. सगळे म्हणतात तिच्यासारखा हात नाही."

"तिच्याच हाताखाली? ऐकलंस ना काय बोलली?"

"ऐकलं. आणि तुझं पण ऐकलं."

"मी कुठे काय बोललो?"

"तेच," ती म्हणाली आणि मागे बसली.

*

पुढच्या दोन महिन्यांत मी एक काम केलं, त्याची लाज वाटते. पण लिहायचं तर सगळंच लिहायला पाहिजे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवला, कॅमेरा बाहेर. अमिषा सिस्टर आयाला म्हणाली, "ठिपकेवाली आली, प्लास्टिक घाला बेडवर." उन्नतीच्या तोंडावर. एलिसा सिस्टर म्हणाली, "अशांचं आधीच ऑपरेशन करून टाकायला पाहिजे, पुढचा प्रश्नच नको." सगळं आलं. आवाज पण क्लिअर.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर मी उन्नतीला ते दाखवलं. पिक्चर रिलीज केल्यासारखा तोरा होता माझा. "आज टाकतो. उद्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात फिरेल. कायदा आहे भाई, असं वागता येत नाही, वाचलंय मी. दोघींची नोकरी जाईल."

तिने रसाचा ग्लास खाली ठेवला. "आणि मेमध्ये माझं डोकं कोण धरणार? तू?"

"अगं पण—"

"व्हिडिओत मी दिसतेय?"

"तुझा चेहरा मी ब्लर करेन."

"आणि तुझा?"

मी माझ्या ग्लासातला बर्फ हलवायला लागलो.

"तू फोन बाहेर काढलास, नेल्या. तोंडातून शब्द नाही काढलास. मी आत एकटी बोलत असते आणि तू शूटिंग करतोस. उडव तो."

मी उडवला. ती म्हणाली, कचऱ्याच्या डब्यातून पण उडव, मला माहितीये तो तिथे तीस दिवस राहतो. हे तिला मीच शिकवलं होतं. तिथून पण उडवला.

"तक्रार करायची तर मी करेन, माझ्या नावाने, लेखी," ती म्हणाली. "आधी मला बेड पाहिजे."

*

मार्चमध्ये ती किंजलला भेटली. किंजल शेजारच्या सोसायटीतली, पहिलटकरीण. तिची तारीख उन्नतीच्याच आठवड्यातली. प्रसूतिगृहात पेपर तारखेप्रमाणे लावतात, त्यामुळे दोघींचे पेपर कायम एकाखाली एक. आया पेपर वाटायची, बायका आपापला पेपर घेऊन बाकावर नंबर येईपर्यंत बसायच्या.

त्या मंगळवारी किंजल उन्नतीच्या शेजारी बसली. उन्नतीने सहज तिच्या मांडीवरच्या पेपरकडे बघितलं. वर उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका.

उन्नती मला नंतर म्हणाली, "मला इतका आनंद झाला ना. वाईट आहे, पण झाला. वाटलं, चला, आपण दोघी." तिने आवाज खाली करून विचारलं, "तू कधीपासून घेतेस गोळी?"

किंजल म्हणाली, "लोहाची? चौथ्या महिन्यापासून. मला त्याने मळमळ होते, तुला?"

"नाही, दुसरी."

"कॅल्शियमची?"

उन्नतीने नुसती मान डोलावली. मग किंजलच बोलायला लागली. "तुला एक विचारू? माझ्या अंगाला वास येतो का? खरं सांग, मला राग नाय येणार."

"नाही. का?"

"सिस्टर मला हात लावत नाय नीट. आधी लावायची. आता पट्टा पण ओढणीवरून बांधते. मला वाटलं घामाचा वास असेल. आता मी दोन टाइम आंघोळ करते, लसूण बंद केला. सासू विचारते, एवढं पाणी कशाला."

मी समोरच्या बाकावर होतो. उन्नती उठून माझ्याकडे आली. "तिच्या पेपरवर माझा ठिपका आहे."

"म्हणजे?"

"ती पॉझिटिव्ह नाहीये, नेल्या. डिसेंबरात सिस्टरने गठ्ठ्यावर ठेवून मार्कर दाबला ना? तिचा पेपर माझ्या खाली होता. शाई उतरली."

मला पहिला विचार काय आला ते सांगतो. आता पकडल्या गेल्या. व्हिडिओ नसला तरी हे आहे. निगेटिव्ह बाई, तिचा नवरा येणार, सोसायटी येणार, तमाशा होणार. मी बाकावरून उठलोच. उन्नतीने एका हाताने माझी बाही धरली, दुसऱ्या हातात दोघींचे पेपर होते, किंजलचा तिने बघायला म्हणून मागून आणला होता.

"बोलायला येणार असशील तर ये. नाहीतर इथेच बस."

मी गेलो.

एलिसा सिस्टर आतल्या खोलीत डबा खात होती. अमिषा सिस्टर रजिस्टर भरत होती. उन्नती म्हणाली, "सिस्टर, माझा पेपर आणि हा किंजलचा. एकावर एक ठेवून खिडकीशी धरा."

"जेवते ना मी, बाय."

"थांबते मी."

ती खरंच थांबली, सात महिन्यांचं पोट घेऊन, उभी. सिस्टरला घास जाईना. तिने हात धुतले, पेपर घेतले, खिडकीशी धरले. ठिपक्यावर ठिपका बरोबर बसला. उन्नतीचा गडद, कडा स्वच्छ. किंजलचा फिकट, कडा पसरलेल्या. सिस्टरने उन्नतीचा पेपर उलटा केला. मागे पण लाल.

सिस्टर अमिषाला म्हणाली, "रजिस्टर बघ. किंजलचा रिपोर्ट."

अमिषा सिस्टरने बोट फिरवलं. "निगेटिव्ह." मग हळूच, "तीन महिने आपण तिला..."

"कळलं मला," एलिसा सिस्टर म्हणाली आणि खुर्चीत बसली.

बाहेर आया कोणाचं तरी नाव पुकारत होती. मग उन्नती म्हणाली, "तिला वाटतंय तिच्या अंगाला वास येतो. लसूण सोडलाय तिने."

सिस्टरने डोळे मिटले.

"सिस्टर, ठिपका बघून तुम्ही दोन ग्लोव्हज घालता. ठिपका नसला की एकावर भागवता, कधी फाटलेल्यावर पण, मी बघितलंय. ज्या बाईची तपासणीच झालेली नाही, जी कळा घेऊन थेट येते, तिच्या पेपरवर काय असतं? पेपरच नसतो. मग तुम्हाला वाचवतो कोण, ठिपका?"

"तुला काय माहीत," सिस्टर म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "अकरा वर्षांपूर्वी टाके घालताना सुई घुसली मला. इथे." तिने डाव्या हाताचं बोट दाखवलं. "त्या बाईचा रिपोर्ट नंतर आला, पॉझिटिव्ह. महिनाभर मी औषध घेतलं. उलट्या करत ड्युटी केली. घरात माझं ताट वेगळं ठेवलं, सख्ख्या नवऱ्याने. मला काय झालं नाही. पण ताट दोन वर्षं वेगळं होतं. तेव्हापासून ठिपका देते. माझ्या हाताखालच्या पोरींना असं होऊ नये म्हणून."

उन्नती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहितीये, कडेला ठेवलेलं खायला कसं वाटतं."

सिस्टरने डब्याचं झाकण लावलं. मग हट्टाने मान हलवली. "ठिपक्याचं चुकलं. मान्य. पण मुलाचं माझं मत तेच आहे. त्याच्यावर अन्याय आहे. मोठं झाल्यावर ते विचारणार, मला का आणलंस."

आता मी वजनाचा तक्ता वाचला असता. बाहेरच्या भिंतीवर होता, दारातून दिसत होता.

"मी नाही विचारलं," मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, तुम्ही ज्या पोराबद्दल बोलता ते मी आहे. मला आईकडून झालं. त्या वेळी औषध नव्हतं म्हणून झालं, आता आहे. पंचवीस वर्षांचा आहे. दुकान आहे माझं. तुमचा मागचा फोन मीच नीट केला, चार्जिंगचा. मुलगी कोण देईल ते माहीत नाही, पण ते दात पुढे असले तरी माहीत नसतं. आई जिवंत असती तर मी तिला बरंच विचारलं असतं. मला का आणलंस, हे नसतं विचारलं."

अमिषा सिस्टरचं पेन हातातच राहिलं. एलिसा सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय. तिने विचारलं, "वजन किती तुझं?"

"अडुसष्ट."

"गोळ्या चुकवतोस?"

"एकदा चुकवल्या. हिने कानाखाली मारली."

"बरोबर केलं." ती उठली. मार्कर ड्रॉवरमधून काढला आणि आयाला हाक मारून दिला, "हा घे, साफसफाईच्या बादल्यांवर नंबर घाल." मग दोन कोरे केस पेपर घेतले आणि दोघींचे पेपर स्वतःच्या हाताने नव्याने उतरवायला बसली. मान वर न करता म्हणाली, "अमिषा, आजपासून बीपी हातावर, सगळ्यांना. ग्लोव्हज सगळ्यांना सारखे. मागणी लिही."

"पुरणार नाहीत, सिस्टर."

"म्हणून तर मागणी." आणि उन्नतीला, "माझी भीती एका दिवसात जाणार नाही, बाय. खोटं बोलणार नाही मी."

"भीती राहू दे, सिस्टर. मला बेड द्या."

सिस्टरने नव्या पेपरवर शेवटच्या ओळीत लिहिलं, डिलिव्हरी इथेच. खाली सही केली.

नंतर ती बाहेर किंजलकडे गेली. मी दारातून बघत होतो. तिने किंजलचा हात हातात घेतला, दंडावर पट्टा बांधला, नाडी बघितली, एकदा बघून झाली तरी परत बघितली. म्हणाली, "पेपर चुकला होता, बाय. माझी चूक. तुझ्या अंगाला काही वास येत नाही. लसूण खा." किंजलला काही कळलं नाही, पण ती रडली. सिस्टरने दोन सुकेळी दिली, हातावर.

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला सुमेधचा फोन. कळा सुरू. मी पोचलो तेव्हा उन्नती व्हरांड्यात बाक धरून उभी होती, सुमेध तिची पाठ चोळत होता आणि अमिषा सिस्टर टेबलावर चिठ्ठी लिहीत होती.

"मुंबईला पाठवतेय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "रात्रपाळीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, अशी केस ठेवायची नाही. एलिसा सिस्टर आठला येतात. मी एकटीने काय करू?"

सुमेध बिचारा रिक्षा बघायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. फोन खिशात होता, खिशातच ठेवला. टेबलासमोर खुर्ची ओढली आणि बसलो.

"सिस्टर, चिठ्ठीत कारणाची ओळ असते ना? काय लिहिताय तेवढं वाचून दाखवा."

"कारण म्हणजे... तुम्हाला माहितीये."

"मला माहितीये. कागदावर लिहा. बीपी जास्त आहे?"

"नाही."

"बाळ आडवं आहे?"

"नाही."

"मग जे आहे ते लिहा, खाली सही करा, डॉक्टरांची पण घ्या. आम्ही लगेच निघतो."

तिने पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. मागे उन्नतीला कळ आली, तिने बाकावर मूठ आपटली. अमिषा सिस्टरने तिच्याकडे बघितलं, मग पेपरवरच्या शेवटच्या ओळीकडे, जिथे एलिसा सिस्टरची सही होती. "मी सिस्टरला फोन करते," ती म्हणाली.

एलिसा सिस्टर पाऊण तासात आली, गिरीजहून, दीराच्या बाईकवर, पिशवी खांद्याला. तिने चिठ्ठी बघितली. फाडली नाही. उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, बाळाचं सिरप काढून ठेव, गरम पाणी, टॉवेल दोन. अमिषाच्या हातात दिली. "डॉक्टरांशी मी बोलते. चल बाय, आत."

दार बंद झालं.

आम्ही दोघं बाहेर. सुमेध पाच मिनिटांनी एकदा पाणी पीत होता. मी घड्याळ बघत होतो. नऊ वाजले. मी माझी गोळी घेतली, कोरडीच. फोन हातात धरला. नऊ वाजून दोन. नऊ वाजून चार. दहा वर्षांत या वेळेला मला असं कधी झालं नव्हतं. ती आत कळा देतेय, तिला गोळीचं काय सुचणार, हे कळत होतं, तरी मी स्क्रीन विझू देत नव्हतो.

नऊ वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. उन्नतीचं नाव. दोन रिंग. बंद.

नंतर कळलं. एलिसा सिस्टरने मध्येच विचारलं होतं, तुझी गोळी किती वाजता असते? उन्नतीने पर्सकडे बोट दाखवलं. सिस्टरने ग्लोव्हज काढले, हात धुतले, गोळी काढून तिच्या जिभेवर ठेवली, डोकं उचलून पाणी पाजलं. उन्नती म्हणाली, "आता माझ्या फोनवरून नेल्सनला दोन रिंग द्या." सिस्टर म्हणाली, "वेडी आहेस का, आता?" उन्नती म्हणाली, "द्या, नाहीतर तो दार तोडेल." दिल्या तिने.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो आठशे. बाळाला व्हायरस लागू नये म्हणून देतात ते सिरप तासाभरात दिलं. उन्नती सांगते, पोरीने तोंड अज्जिबात वाकडं केलं नाही. मी म्हणालो, खोटं. ती म्हणाली, तुझी बिस्किटं तयार ठेव.

*

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. खिडकीजवळचा बेड, किंजलच्या शेजारी. किंजलला आदल्या दिवशी मुलगा झाला होता. एलिसा सिस्टर राऊंडला आली, पोरीला उचललं, छातीशी धरून उन्नतीला दूध कसं पाजायचं ते परत दाखवलं. जाताना मला म्हणाली, "मत बदललं असं समजू नको हं. अजून विचार करतेय."

"करा की, सिस्टर."

"हिच्याशी बोल. मी हिला एक सांगितलंय."

ती गेल्यावर उन्नती म्हणाली, "पुढच्या महिन्यात नव्या नर्सेसचं ट्रेनिंग आहे, इथेच, वरच्या हॉलमध्ये. तेरा पोरी. सिस्टरला कोणीतरी येऊन बोलायला पाहिजे. मला विचारलं."

"मग जा."

"मी सव्वा महिना घरात. आणि मी जाऊन काय होणार? मी आई आहे. आईला त्या काय बोलायचं ते बोलतातच. त्यांचा प्रश्न मुलाचा असतो. मुलगा तू आहेस."

मला प्लासिड काकाची होडी दिसली. मी म्हणालो, "व्हिडिओ करून देतो. चेहरा ब्लर."

उन्नतीने दुपटं सारखं केलं. मग पोरीला माझ्या हातात दिलं. मी एवढं छोटं कधी धरलं नव्हतं. मुठीत माझं बोट धरलं तिने.

"दीड महिन्याने हिची पहिली टेस्ट आहे," उन्नती म्हणाली. "मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने, शेवटची अठरा महिन्यांनी. प्रत्येक वेळी टेबलामागे कोणीतरी सिस्टर बसलेली असणार. ती हिला कडेवर घेईल का कागदावर ठेवेल, ते त्या तेरा जणींतल्या एखादीवर आहे."

पोरगी झोपेत ओठ हलवत होती. मी विचार केला, काकाला आज संध्याकाळी सांगायचं. तो दोन शिव्या देईल, मग विचारेल जेवलास का. चार जण होडी सोडतील तर सोडतील.

"जाईन," मी म्हणालो.

"फोन कुठे असेल?"

"खिशात. बंद."

"नाव?"

"नेल्सन. पाचूबंदर पण सांगेन. आणि काय बोलायचं ते आधी लिहून काढेन, न उडवता, म्हणजे तिथे जाऊन भिंतीवरचा तक्ता वाचत बसणार नाही."

"वचन?"

"वचन. त्या दिवशी नऊ वाजता दोन रिंग आल्या की समज, गोळी घेतली. आणि तिसरी वाजली की समज, मी हॉलचा जिना चढतोय."